‘साक्षीदार भाऊच आहे, अपिलात सुटणारच’: खरंच?

सध्या एक मजकूर जोरात फिरतोय: खुनाच्या खटल्यात प्रत्यक्षदर्शी साक्षीदार एकच, तोही मयताचा भाऊ, आणि पोलीस जबाबात व साक्षीत तफावत, तर हायकोर्टात शिक्षा रद्द झालीच समजा.

‘एकच साक्षीदार.’ जुन्या पुरावा कायद्याच्या कलम 134 प्रमाणे एखादी गोष्ट शाबीत करायला साक्षीदारांची ठरावीक संख्या लागत नाही. नव्या भारतीय साक्ष अधिनियमात तेच कलम 139 आहे. 1957 च्या वडिवेलू थेवर खटल्यात फाशी टिकली ती एका साक्षीवर, आणि ती साक्ष मयताच्या पत्नीची होती.

‘नातेवाईक.’ 1953 च्या दलीप सिंग निकालात सुप्रीम कोर्टाचा प्रश्न साधा होता: सख्खा माणूस खऱ्या मारेकऱ्याला मोकळं सोडून भलत्याला कशाला अडकवेल? जुनं वैर असेल तर मात्र खऱ्या आरोपीच्या जोडीला चार निरपराध ओढले जातात, हेही तिथेच म्हटलंय. हा दुसरा भाग कुणी फॉरवर्ड करत नाही.

खरा घोळ तफावतीचा. समजा, जबाबात ‘कोयता उजव्या हातात’ आणि कोर्टात ‘डाव्या हातात’. समोर भाऊ कोसळत असताना हात कोण लक्षात ठेवतो? अशा फरकाने साक्ष पडत नाही. पण जबाबात आरोपीचं नावच नाही आणि तीन वर्षांनी पिंजऱ्यात उभं राहून ते पहिल्यांदा घेतलं, तर ती तफावत नव्हे, भर घातलेली गोष्ट. तीही आपोआप सिद्ध होत नाही. उलटतपासात जबाबातला नेमका भाग साक्षीदारापुढे ठेवावा लागतो, त्याने नाकारला तर तपासी अंमलदाराकडून शाबीत करून घ्यावा लागतो. बचावाच्या वकिलाने हे केलंच नसेल, तर अपिलात त्यावर बोट ठेवायला जागा उरत नाही. आणि पोलिसांपुढचा जबाब हा मुळात पुरावा नसतोच; साक्षीदाराला खोडून काढण्यापुरताच त्याचा उपयोग.

उरलं ‘झालीच समजा’. अपिलात हायकोर्ट सगळा पुरावा नव्याने तपासतं, हे बरोबर. पण तिथे विचारलं जातं ते वेगळंच: उजेड कशाचा होता, अंतर किती, आरोपी आधीपासून ओळखीचा होता का, जबाब त्याच रात्री झाला की आठ दिवसांनी, आणि शवविच्छेदनातल्या जखमा सांगितलेल्या हत्याराशी जुळतात का. फिरणाऱ्या मजकुरात यातलं एकही नाही.