कानस शेवटी

नमस्कार. माझ्या लेखावर प्रतिक्रिया सविस्तर लिहिलीत, बरं वाटलं. तुमचा आक्षेप असा, की मिरजेतल्या ज्या तानपुरा-कारागिरांना मी ‘विषयात खोल उतरलेले’ म्हटलं, त्यांना उपस्वर (मूळ स्वरासोबत त्याच तारेतून उमटणारे वरचे सूक्ष्म स्वर) म्हणजे काय तेही सांगता येत नाही. म्हणजे ती नुसती हातोटी, ज्ञान नव्हे.

त्यांच्यातल्या एका चाचांकडे गेलो होतो, त्या दिवशीचं सांगतो. माझ्या तानपुऱ्याची जवारी, म्हणजे तारांचा गुंजणारा नाद, गेली होती, तारा ठणठण वाजत होत्या. वाटलं, चाचा आता घोडी, म्हणजे तारा ज्यावर टेकतात ती हाडाची पट्टी, कानशीने घासायला घेतील. त्यांनी आधी विचारलं, “कुठल्या पट्टीत लावता?” काळी एकचा (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या स्वराचा) तानपुरा मी दोन महिने त्याहून चढ्या काळी दोनला ताणून ठेवला होता. “मग त्यात घोडीचा काय दोष?” चाचांनी तारा उतरवून पट्टीत आणल्या, घोडीवर तारेखाली असलेला दोरा केसभर सरकवला, आणि खर्जातून, म्हणजे सर्वांत खालच्या स्वराच्या तारेतून, स्वयंभू गांधार (आपोआप उमटणारा ‘ग’, हाही उपस्वरच) बोलायला लागला. कानशीला हातही लावला नाही. घासलेलं हाड परत भरून येत नाही. कुठे हात लावायचा नाही हे ज्याला कळतं, त्याच्याकडे नुसती हातोटी आहे असं मी तरी म्हणणार नाही.

आता सिद्धान्ताचं. तानपुऱ्यात असे उपस्वर का उमटतात, हे सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली दाखवलं. तार बरोबर मध्यावर छेडली, तर ज्या उपस्वरांत तारेचा तो मध्य हलत नाही, ते उमटायला नकोत, असा जुना नियम. तानपुऱ्यात ते उमटतात. कारण घोडीचा माथा धारदार नसतो, पसरट आणि किंचित गोलसर असतो, आणि तार त्यावर टेकत-सुटत राहते. हे सगळं मला समजतं. दोरा मात्र आजही लावता येत नाही! मग खोल कोण, मी की चाचा?

एका जागी तुमचं पटलं. रामन यांचं म्हणणं वीणेलाही लागू पडतं, कागदावरून कुणालाही शिकता येतं. चाचांचं त्यांच्या मुलाच्या हातात उतरलं तर उतरलं, नाहीतर गेलं. ही उणीव मी लेखात झाकली होती.

आणि हो, चारही तारा पोलादी असं लिहिलं होतं. खर्जाची पितळेची असते. चूक तुम्ही पकडलीत, दुरुस्त केली आहे.