मोबाईलवरची उपासना पुरेशी नाही
देव सगळीकडे आहे, मग रविवारी घरीच मोबाईलवर उपासना पाहिली तरी चालते, असं एका लेखात वाचलं. मला हे पटत नाही. प्रभुभोजन, म्हणजे उपासनेत एकत्र घ्यायची भाकर आणि द्राक्षारस, मोबाईलवरून घेता येत नाही. प्रभू येशू स्वतः रिवाजाप्रमाणे शब्बाथ दिवशी, म्हणजे यहुद्यांच्या विसाव्याच्या दिवशी, सभास्थानात जात असे (बायबल, लूक 4:16), आणि एकत्र जमणं सोडू नका, असं इब्री 10:25 मध्ये स्पष्ट सांगितलंय.

गुरुवार पेठेतलं पंचहौदचं पवित्र नाम देवालय हे चर्च 1885 सालचं. इतकी वर्षं पुण्यात मराठी उपासना टिकली ती रविवारी येऊन बसणाऱ्या माणसांमुळेच. आमच्या मंडळीत रेव्हरंड टिळकांची गीतं आज्या पुस्तक न उघडता म्हणतात, मुलं ती शेजारी उभं राहून शिकतात. कोण आजारी, कोणाची नोकरी गेली, हे उपासनेनंतर अंगणात कळतं आणि संध्याकाळी कोणीतरी त्या घरी प्रार्थनेला जातं. दोन रविवार दिसलो नाही तर फोन येतो!

अंथरुणाला खिळलेल्यांसाठी ऑनलाइन उपासना आशीर्वादच आहे. हिंजवडीत शनिवारी रात्रपाळी करणाऱ्या मुलांना मात्र सकाळी पोचणं खरंच जड जातं. त्यांना नावं ठेवण्यापेक्षा, जिथे संध्याकाळची मराठी उपासना नाही तिथे पाळकांनी आणि कमिटीने ती सुरू करावी, ही कळकळीची विनंती.