फी मामांची, बोलणं त्याचं

परवा रात्री साडेदहाला आजोळच्या ग्रुपवर मामांनी एक फॉरवर्ड टाकला. ‘अपंग मुलांच्या पालकांनो, सावध व्हा!’ हाच मेसेज त्या आठवड्यात मला शाळेतल्या दोन पालकांकडूनही आला होता आणि मी तो वाचून सोडून दिला होता. मामांकडून आला तेव्हा सोडवेना. खाली त्यांनी लिहिलं होतं, “आपलं बरोबरच होतं म्हणायचं.”

मेसेजचा सारांश असा. पुनर्वसन समुपदेशकांची, म्हणजे अपंग माणसाला बोलतं करून पुन्हा उभं राहायला मदत करणाऱ्यांची, आचारसंहिता बदलायची मागणी होते आहे, तिला विरोध करा. कारण नीतिमत्ता काळाप्रमाणे बदलत नसते, १९९८चे नियम पुरेसे आहेत, नवे नियम हे परदेशी खूळ आहे. अपंग माणसाच्या बाबतीत गुप्तता नसते. जो फी भरतो त्या पालकाला आत काय बोलणं झालं ते सगळं कळलंच पाहिजे. ऑनलाइन समुपदेशनाला डॉक्टरांचे नियम आहेतच. नोंदणी वगैरे दिखावा आहे, सेवाभाव असला की झालं. आणि नवे नियम आले की खेड्यापाड्यातल्या लहान संस्था बंद पडतील.

मी सांगलीत १४ वर्षं विशेष शिक्षिका आहे. पुनर्वसनाच्या क्षेत्रात काम करणाऱ्यांची नोंदणी भारतीय पुनर्वसन परिषद करते. तिच्या नोंदवहीत समुपदेशकांची नावं असतात तसं माझंही आहे, त्यामुळे ही आचारसंहिता मलाही लागू आहे. म्हणून लिहिते.

आधी ते १९९८. परिषदेचा कायदा १९९२चा. त्याच्या कलम २१ने परिषदेला आचारसंहिता ठरवायचा अधिकार दिला आणि १९९८ला तसे विनियम आले. इथपर्यंत मेसेज बरोबर आहे. पण तेव्हाच्या, म्हणजे १९९५च्या अपंग व्यक्ती कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते, त्याच्या जागी आलेल्या २०१६च्या कायद्यात २१ आहेत. स्वमग्नता त्या सातांत नव्हती, ॲसिडहल्ल्यातून वाचलेली मुलगी नव्हती. व्हॉट्सॲप जन्मायला ११ वर्षं होती. पेशंटचा व्हिडिओ परवानगीशिवाय स्टेटसला ठेवायचा नाही, हे तेव्हा कुणी आणि कशाला लिहून ठेवेल? दुसऱ्याच्या दुःखाची वाच्यता करू नये हे मूल्य जुनंच आहे. वाच्यता करायची साधनं बदलली, म्हणून नियम पुन्हा लिहावे लागतात. परदेशी खूळ म्हणाल, तर अमेरिकेत पुनर्वसन समुपदेशकांना प्रमाणपत्र देणाऱ्या मंडळाची सुधारित आचारसंहिता २०१०, २०१७ आणि २०२३ अशी तीनदा लागू झाली. ज्यांचा हा धंदा आपल्याहून जुना आहे ते १३ वर्षांत तीनदा बसून विचार करतात, यात खूळ कसलं?

आता तो दुसरा मुद्दा, ज्याने माझी झोप उडवली.

माझा मामेभाऊ २६ वर्षांचा आहे. तीन वर्षांपूर्वी हायवेवर बाइक घसरली, मणक्याला मार बसला, कमरेखालची संवेदना गेली. व्हीलचेअरवर आहे. मामी दर चार तासांनी त्याला कॅथेटरची, म्हणजे लघवीच्या नळीची, आठवण करतात, रात्रीचा गजर लावून झोपतात. मामांचं कराडला हार्डवेअरचं दुकान आहे. अपघातानंतर तो वर्षभर कुणाशी धड बोलत नव्हता. एका संस्थेत समुपदेशन सुरू झालं तसा हळूहळू बोलता झाला. तिथे त्याने सांगितलं की त्याला दुकानाच्या गल्ल्यावर बसायचं नाही. पुण्याला जाऊन डिझाइनचं काम शिकायचं आहे, एकट्याने राहून बघायचं आहे. आणि घरात आपल्यासमोरच आपल्याबद्दल ‘ह्याचं’ म्हणून बोलतात ते सहन होत नाही, हेही सांगितलं.

मामांनी विचारलं आणि समुपदेशकाने सगळं सांगून टाकलं. भेटीत झालेलं बोलणं ज्यात लिहिलं होतं त्या वहीचं पानच फोनवर काढून पाठवलं. त्या रात्री जेवताना मामांनी ते पान सगळ्यांसमोर वाचलं. मारलं नाही, ओरडले नाहीत, फक्त वाचलं. मी तिथे होते. त्याने ताटातला हात बाजूला घेतला, चेअर मागे घेतली आणि खोलीत गेला. पुढच्या चार वेळा तो संस्थेत गेला आणि “ठीक आहे” याच्यापलीकडे एक शब्द बोलला नाही. पाचव्या वेळी गेलाच नाही.

मेसेज म्हणतो, हेच बरोबर. कायदा काय म्हणतो ते बघा. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६, कलम १३: दिव्यांग माणसाची कायदेशीर क्षमता जीवनाच्या सर्व बाबतींत इतरांच्या बरोबरीची. कलम १४: सगळा आधार देऊनही एखाद्याला कायद्याने बांधील असा निर्णय घेता येत नसेल, तरच जिल्हा न्यायालयाने किंवा नेमलेल्या अधिकाऱ्याने मर्यादित पालकत्व द्यायचं. तेही ठरावीक मुदतीपुरतं, ठरावीक निर्णयापुरतं, त्या माणसाशी सल्लामसलत करून आणि त्याच्या इच्छेला धरून. त्याच्या इच्छेला धरून, हे शब्द कायद्यात आहेत. माझ्या भावाचे पाय गेलेत, समज नाही. त्याला कुणाचं पालकत्व लागतच नाही. मामा त्याचे वडील आहेत, त्याच्या बोलण्याचे मालक नाहीत. फी कुणी भरली याचा तिथे संबंधच येत नाही. लेकाच्या लग्नाच्या हॉलचं भाडं आपण भरलं म्हणून नवरा-बायकोचं बोलणं आपण ऐकायला बसतो का?

हो, घरच्यांना काहीच सांगू नये असं मी म्हणत नाही. कॅथेटर कसा स्वच्छ ठेवायचा, खुर्चीत बसल्या बसल्या दर थोड्या वेळाने अंग उचलून दाब कसा हलका करायचा, पाठीला जखम होऊ लागली तर कशी ओळखायची, हे मामींना कळलंच पाहिजे, कारण सगळं त्यांच्यावर आहे. अठराच्या आतलं मूल असेल तर पालकांना जास्त सांगावं लागतं. कुणी जिवाचं बरंवाईट करून घेण्याच्या बेतात असेल तर गुप्तता बाजूला ठेवावीच लागते. पण काय सांगायचं, कुणाला आणि किती, हे पहिल्याच भेटीत त्या माणसासमोर ठरवायचं असतं. नव्या आचारसंहितेत हेच नेमकं आणि ठळक लिहून हवंय. त्या समुपदेशकाला ते माहीत नव्हतं की मामांसमोर नाही म्हणायची हिंमत झाली नाही, मला सांगता येत नाही. लिहिलेला नियम हातात असता तर निदान त्याला दाखवता आला असता.

ऑनलाइनचं लवकर आवरते. २५ मार्च २०२०ला टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं आली ती नोंदणीकृत डॉक्टरांसाठी. समुपदेशक डॉक्टर नसतो. मोबाइल टेबलावर ठेवून, मागे आई भाजी चिरते आहे आणि मुलगा समुपदेशकाशी बोलतो आहे, याला ते नियम कसे पुरणार?

सेवाभावाबद्दल. परिषदेच्या कायद्यातल्या कलम १३प्रमाणे नोंदणी नसताना पुनर्वसन व्यावसायिक म्हणून काम केलं, तर एक वर्षापर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. हजार रुपये! हा आकडा १९९२चा आहे आणि तो बदलणं संसदेचं काम आहे, पण ‘जुनं तेच पुरेसं’ म्हणणाऱ्यांनी तो एकदा मोठ्याने वाचावा. मनात सेवाभाव असलेल्या माणसाला नोंदणीची अडचण का वाटावी, हे मला १४ वर्षांत कळलेलं नाही.

लहान संस्थांचं मात्र मला मान्य करावं लागतंय, मनाविरुद्ध. दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण, त्यासाठी प्रशिक्षणाचे गुण जमवायचे. मी स्वतः रजा टाकून, पदरचे पैसे घालून पुण्याला जाते. तालुक्याच्या गावी एकट्याने संस्था चालवणाऱ्या बाईंना ते झेपत नाही, मी पाहिलंय. नवे नियम येतील तेव्हा ते मराठीत यावेत, त्यांचं प्रशिक्षण जिल्ह्यात आणि फुकट मिळावं, अशी मागणी त्या मेसेजने केली असती तर मीच तो पुढे पाठवला असता.

मामांनी मेसेज अजून काढलेला नाही. रविवारी कराडला जाते आहे. कलम १४चं पान छापून घेतलंय, पण ते मामांना दाखवू का, हे आधी त्याच्या खोलीत जाऊन त्याला विचारणार आहे.