वारा शेवटी सुटतो की आधीपासूनच घोंघावत असतो?

गेल्या महिन्यात ठाण्यातल्या नौपाड्यात बहिणीकडे जेवायला गेलो होतो. माझा भाचा महाविद्यालयातल्या मित्रांबरोबर बँडमध्ये गिटार वाजवतो आणि सध्या ते 'ऑल अलाँग द वॉचटॉवर' बसवत आहेत. बसवत आहेत ते अर्थातच अमेरिकन गिटारवादक जिमी हेंड्रिक्सच्या पद्धतीने. मूळ, म्हणजे अमेरिकन गीतकार-गायक बॉब डिलनचे गाणे ऐकले आहेस का, असे मी विचारल्यावर तो म्हणाला, "ऐकलंय मामा, पण ते नुसता कच्चा आराखडा वाटतो. गाणं पूर्ण केलं ते हेंड्रिक्सनेच." त्या वेळी मी त्याच्याशी जोरात वाद घातला, पण मुद्दा नीट मांडता आला नाही. नंतर दोन आठवडे दोन्ही ध्वनिमुद्रणे आलटून पालटून ऐकली, आणि त्या वादात मी स्वतः घेतलेली बाजूही अपुरी होती, हे ध्यानात आले. म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

डिलनचे गाणे 'जॉन वेस्ली हार्डिंग' या अल्बममध्ये 1967च्या डिसेंबरअखेरीस प्रसिद्ध झाले. ते वर्ष रॉक संगीतातल्या भरगच्च, रंगीबेरंगी ध्वनींचे होते. स्टुडिओत जितके थर चढवता येतील तितके चढवले जात होते. त्याच वर्षी डिलन नॅशव्हिलला गेला आणि फक्त दोन साथीदार घेऊन हे गाणे मुद्रित करून आला: बास गिटारवर चार्ली मॅकॉय, ड्रमवर केनेथ बटरी, आणि स्वतः डिलनकडे साधी गिटार व माउथ ऑर्गन. गाणे जेमतेम अडीच मिनिटांचे आहे. त्यात तीन कडवी, एकूण बारा ओळी आहेत आणि ध्रुवपद नाही. तीनच कॉर्ड (एकत्र छेडलेले स्वरसमूह) उतरतात, पुन्हा चढतात आणि तेच चक्र शेवटपर्यंत फिरत राहते. ही काटकसर ज्याला कच्चेपणा वाटते, त्याने तिसरे कडवे पुन्हा एकदा लक्ष देऊन ऐकावे, असे मला मनापासून वाटते.

पहिल्या कडव्यात विदूषक चोराकडे तक्रार करतो: इथून सुटायला वाट नाही, व्यापारी माझी मदिरा पितात, नांगर धरणारे माझी जमीन खणतात आणि त्यांच्यापैकी कोणालाच या गोष्टींचे मोल कळत नाही. दुसऱ्यात चोर त्याला मायेने समजावतो आणि शेवटी म्हणतो की आता खोटे बोलायला नको, फार उशीर होत चालला आहे. तिसऱ्यात दृश्य एकदम बदलते. बुरुजावरून राजपुत्र टेहळणी करत आहेत, दूर कुठेतरी रानमांजर गुरगुरते, दोन स्वार जवळ येऊ लागतात, वारा घोंघावू लागतो, आणि गाणे तिथेच संपते. बायबलमधल्या यशयाच्या एकविसाव्या अध्यायात असाच पहारेकरी आहे आणि असेच जोडीने येणारे स्वार आहेत, पण तिथे बाबेल पडल्याची वार्ता आपल्याला कळते. डिलन ती वार्ता सांगत नाही. माउथ ऑर्गन काही क्षण वाजतो आणि विरून जातो.

मी घोडबंदर रस्त्यावर राहतो. घोड्यांचा व्यापार चालत असे म्हणून घोडबंदर हे नाव पडले, असे सांगतात. तिथल्या किल्ल्याच्या गोल बुरुजावर संध्याकाळी उभे राहिले की खाडीवरचा वारा आधी अंगाला लागतो आणि मग कानात भरतो. डिलनच्या गाण्यातला वारा मला नेमका तसा, सर्वांत शेवटी येणारा वाटतो. तोपर्यंत गाण्यात इतकी शांतता राखलेली असते की त्या एका ओळीने छातीत धस्स होते. हेंड्रिक्सविषयीची माझी जुनी तक्रार नेमकी हीच होती. त्याच्याकडे पहिल्या ठोक्यापासूनच वादळ सुटलेले असते. मग अखेरच्या ओळीत वारा घोंघावू लागला, असे सांगून नवीन काय घडते? भाच्याला मी हाच मुद्दा ऐकवला होता.

पण डिलनची गोष्ट सरळ चालत नाही. घटनांचे चक्र इथे उलट्या क्रमाने फिरते, असे त्यानेच 1968 साली एका मुलाखतीत सांगितले होते. स्वार जवळ येणे ही खरे तर सुरुवात आहे. ते येऊन पोहोचले की मग विदूषक आणि चोर यांचे बोलणे सुरू होते, म्हणजे शेवटच्या ओळीनंतर पहिली ओळ येते. हे एकदा मान्य केले की हेंड्रिक्सच्या सुरुवातीचा अर्थ पार बदलतो. डिलनने ज्या वाऱ्यावर गाणे सोडून दिले, त्याच वाऱ्यात हेंड्रिक्स पाऊल टाकतो. ते गिटारचे तडाखे, तो खडखडाट म्हणजे आधीच्या ध्वनिमुद्रणाच्या अखेरच्या ओळीचे पुढचे क्षण आहेत. हे त्याने ठरवून केले, असा माझा दावा नाही. पण गाणे ज्या तऱ्हेने रचलेले आहे, त्यातच ही जागा होती, आणि ती त्याच्या हाताला सापडली.

हे सापडायला त्याला किती कमी दिवस लागले, याचे मला अजून आश्चर्य वाटते. डिलनचा अल्बम येऊन महिनाही झाला नव्हता, तेव्हा 21 जानेवारी 1968 रोजी हेंड्रिक्सने लंडनच्या ऑलिम्पिक स्टुडिओत हे गाणे मुद्रित करायला घेतले. बारा तारांची साधी गिटार डेव्ह मेसनने वाजवली, ड्रम मिच मिचेलचे, आणि अंतिम मुद्रणातला बासही हेंड्रिक्सचाच आहे. पुढे न्यूयॉर्कमध्ये त्यावर आणखी थर चढवले गेले आणि त्याच वर्षी ते 'इलेक्ट्रिक लेडीलँड'मध्ये आले. कॉर्डचे चक्र मात्र तेच राहिले. फक्त त्याची गिटार अर्धा स्वर उतरवून लावलेली असल्याने सगळे गाणे किंचित खाली बसते.

भाच्याला सर्वांत प्रिय असलेला लांब सोलो, म्हणजे एकट्या गिटारचे वादन, दुसऱ्या कडव्यानंतर येतो, म्हणजे उशीर होत चालला आहे असे चोर म्हणतो, त्याच्या लगेच पुढे. वेळ उरला नाही असे सांगून चार मिनिटांच्या गाण्यातले मिनिटभर गिटारला देणे हे वरवर विसंगत वाटते. ऐकताना तसे होत नाही, कारण त्या सोलोचे चार तुकडे चार वेगवेगळ्या आवाजांचे आहेत: आधी सरळ वादन, मग तारांवरून घसरत जाणारा स्लाइडचा लांबट स्वर, मग पायाने दाबून स्वर 'वा-वा' असा उघडमीट करणारे वा-वा पेडल, आणि शेवटी नुसते कॉर्डचे झपाटे. एक आवाज गेला की तो पुन्हा येत नाही. वेळ हातातून निसटते आहे, हे शब्दांवाचून सांगण्याची याहून चांगली रीत मला माहीत नाही. डिलनचा माउथ ऑर्गन या जागी फक्त दोन कडव्यांमधले अंतर राखतो.

गायनाच्या बाबतीत माझा कौल विभागलेला आहे. विदूषकाची तक्रार हेंड्रिक्सच्या तोंडी जास्त खरी वाटते. लिटल रिचर्ड आणि आयझली ब्रदर्स या गायकांच्या मागे साथीला उभा राहिलेला हा कृष्णवर्णीय गिटारवादक जेव्हा 'माझी मदिरा दुसरेच पितात' असे गातो, तेव्हा ते रूपक राहत नाही. चोराचे मायेचे बोल मात्र डिलनचेच चांगले. दोन माणसे अंधारात हळू आवाजात बोलत आहेत, हा भास साधायला आवाजाभोवती मोकळी जागा लागते, आणि ती हेंड्रिक्सकडे नाही.

आपल्याकडे एकच बंदिश अनेक गवई आपापल्या ढंगाने मांडतात आणि त्याला कोणी नक्कल म्हणत नाही, हे या संदर्भात नेहमी सांगितले जाते. मला ती तुलना अर्धीच पटते. बंदिशीचे मूळ ध्वनिमुद्रण असे काही नसते, त्यामुळे ती मांडणारा प्रत्येक जण बरोबरीने उभा असतो. इथे मूळ गाणे ठरावीक तारखेला, ठरावीक तीन माणसांनी मुद्रित केलेले आहे. म्हणून पुढच्याने काय ठेवले आणि काय सोडले, हे क्षणाक्षणाला ताडून पाहता येते, आणि तसे पाहायलाच हवे. डिलनने स्वतः ते पाहिले. 1974 मध्ये त्याने हे गाणे प्रथमच श्रोत्यांसमोर सादर केले आणि हेंड्रिक्सच्या मृत्यूनंतर आपण ते त्याच्याच पद्धतीने वाजवत आलो, हे त्याने मोकळेपणाने मान्य केले. पुढे मैफलींमध्ये त्याने सर्वाधिक वेळा, दोन हजारांहून जास्त वेळा, सादर केलेले गाणे हेच ठरले.

भाच्याला मी एवढेच सुचवले की सोलो बसवण्याआधी एक आठवडा साध्या गिटारवर, डिलनच्या चालीने, बाराच्या बारा ओळी गाऊन पाहा. परवा रात्री त्याचा फोन आला. म्हणाला, "मामा, ते तिसरं कडवं संपलं ना, की थांबताच येत नाही. कॉर्ड फिरतच राहतात आणि मी परत पहिल्या ओळीवर जातो."