साहेबांचं ‘माइट’

इंग्रजीतल्या बाकीच्या क्रियापदांशी माझं बरं चाललंय. भूतकाळाची रूपं पाठ केली की ती गप्प बसतात. डोकं खातात ती कॅन, कुड, मे, माइट, मस्ट, शुड ही मोडल मंडळी. यांना ‘एस’ लागत नाही, ‘आयएनजी’ लागत नाही. स्वतः काही करायचं नाही, शेजारच्या क्रियापदाकडून करून घ्यायचं. सगळा साहेबी थाट.

पुस्तकात ‘मस्ट’ सर्वांत कडक, ‘शुड’ जरा मवाळ आणि ‘माइट’ म्हणजे जमलं तर बघा. पुस्तक लिहिणाऱ्याला साहेब नसावा. आमचे साहेब मस्ट वापरतात ते ‘यू मस्ट बी टायर्ड’ म्हणताना. हा हुकूम नव्हे, अनुमान; मी दमलेलाच असतो. पण ‘यू माइट वाँट टू लुक ॲट धिस अगेन’ असा मेल आला, की संध्याकाळ गेली म्हणून समजावं. ‘कुड यू सेंड इट टुडे?’ हा माझ्या कुवतीबद्दलचा प्रश्न नसतो, आणि भूतकाळाशीही त्याचा संबंध नसतो. ‘द रिपोर्ट शुड बी रेडी’ यात तर ‘झाला असेल’ आणि ‘व्हायलाच हवा होता’ हे दोन्ही सुखाने नांदतात. ‘यू शुड हॅव टोल्ड मी’ हाही सल्लाच, फक्त मुदत संपल्यावर दिलेला.

मस्ट आणि ‘हॅव टू’ एरवी सख्खे भाऊ. ‘नॉट’ आला की वाटण्या होतात. ‘यू मस्ट नॉट कम’ म्हणजे याल तर खबरदार. ‘यू डोन्ट हॅव टू कम’ म्हणजे नाही आलात तरी चालेल. साहेबांनी लिहिलं असेल तर मात्र मी जातो.

शॅल आणि विलला शिस्त लावायचा प्रयत्न जॉन वॉलिस या गणितज्ञाने 1653 सालच्या आपल्या व्याकरणात केला. ‘आय’ किंवा ‘वी’बरोबर शॅल म्हणजे नुसतं भाकीत आणि विल म्हणजे वचन किंवा धमकी; बाकी सगळ्यांबरोबर नेमकं उलट. याच गृहस्थांनी पुढे दोन वर्षांनी अनंताचं चिन्ह रूढ केलं. नियम करताना तेच डोळ्यांसमोर असावं.

परवा रजा मागितली. ‘मे आय टेक फ्रायडे ऑफ?’ उत्तर आलं, ‘यू मे हॅव टू वेट.’ आता ‘मे’ म्हणजे शक्यताही आणि परवानगीही. म्हणजे एक तर मला कदाचित सक्तीने थांबावं लागेल, नाही तर सक्तीने थांबायची मला परवानगी मिळालेली आहे.