‘कुर्बानीच्या ताज्या मटणाला फ्रिज कशाला?’ : एका संदेशाचा प्रतिवाद

बकरी ईद जवळ आली की जळगाव-भुसावळकडच्या व्हॉट्सअॅप गटांत एक संदेश हमखास फिरतो. कुर्बानीचे मटण ताजे असल्याने त्यात जंतू नसतात आणि ते रात्रभर बाहेर राहिले तरी चालते. गरम मटण फ्रिजमध्ये ठेवल्यास नासते. मीठ-हळदीच्या पाण्याने तीनदा धुतले की ते निर्जंतुक होते. आणि गोठवले की उरलेसुरले जंतू मरतात, असे त्यात म्हटलेले असते.

पहिला दावा सर्वांत धोक्याचा आहे. निरोगी बकऱ्याच्या स्नायूंच्या आत जंतू जवळजवळ नसतात, हे खरे. परंतु कातडे उतरवताना, आतडी काढताना, सुरी, हात, ठोकळा आणि माशा यांच्यामार्फत ते मटणाच्या पृष्ठभागावर येतातच. नुकत्याच कापलेल्या मटणाची ऊब त्यांना मानवते आणि अनुकूल परिस्थितीत काही जंतूंची संख्या दर वीस मिनिटांनी दुप्पट होते. म्हणजे आठ तासांत एका जंतूचे, निदान हिशेबाने, दीड कोटीहून अधिक होऊ शकतात. मटण दोन तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवू नये आणि हवेचे तापमान ३२ अंशांच्या वर असेल तर एका तासापेक्षा जास्त ठेवू नये, असा सर्वसाधारण नियम आहे. चांद्र वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे असल्याने ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येते. २०२४ मध्ये ती १७ जूनला होती, २०२५ मध्ये ७ जूनला. २०२६ ते २०२८ या तीन वर्षांत ती मे महिन्यातच येते, आणि मे महिन्यात भुसावळचा पारा कुठे असतो हे खान्देशातल्या वाचकाला सांगायला नको. आपल्याकडे तो नियम एका तासाचाच समजावा.

‘शिजवल्यावर सगळे मरते’ हा या दाव्याचा नेहमीचा आधारही पुरेसा नाही, कारण स्टॅफिलोकॉकस जातीच्या जंतूंनी एकदा तयार केलेले विष उकळूनही नष्ट होत नाही.

फ्रिजविषयीचा दावा अर्धसत्य आहे, म्हणूनच तो लोकांना पटतो. कापल्यानंतर काही तासांत स्नायू ताठरतात आणि त्याआधीच फार वेगाने थंड केले तर मटण चिवट होऊ शकते; पण चिवट होणे वेगळे आणि नासणे वेगळे. घरात मटण नासते ते बहुधा दहा किलोचा गठ्ठा एकाच पिशवीत कोंबल्यामुळे. आमच्या घरी एकदा असेच झाले होते: वरून बर्फ जमलेला आणि मध्यभागी वास सुटलेला. म्हणून मटण पसरट भांड्यांत मोकळे करावे, एका वेळेपुरत्या चपट्या पिशव्या भराव्यात आणि त्यांच्यात थंड हवा फिरण्याइतकी जागा ठेवावी. नातेवाइकांचे आणि गरजूंचे हिस्से सकाळीच पोहोचवले, तर फ्रिजवरचा भारही हलका होतो. वीज गेली तर दार उघडू नये. बंद फ्रिज सुमारे चार तास आणि गच्च भरलेला फ्रीझर सुमारे ४८ तास थंडावा धरतो.

धुण्याने मटण निर्जंतुक होत नाही. नळाखालचे शिंतोडे मात्र ओट्यावर आणि शेजारी चिरून ठेवलेल्या कांदा-काकडीवर उडतात. मीठ-हळद चवीसाठी अवश्य लावावी. हाडांचे कण आणि रक्त काढायचेच असेल, तर पातेल्यात हलक्या हाताने धुवावे आणि नंतर ओटा, सुरी व हात साबणाने स्वच्छ करावेत. कोशिंबिरीची पाटी आणि सुरी मुळातच वेगळी असावी.

गोठवल्याने बहुतेक जिवाणू मरत नाहीत. त्यांची वाढ फक्त थांबते. मटण ओट्यावर वितळत ठेवले की ती पुन्हा सुरू होते, म्हणून ते आदल्या रात्री फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवावे. कलेजी मात्र गोठवून ठेवण्यापेक्षा पहिल्याच दिवशी शिजवण्याची जुनी रीत उत्तम, कारण ती लवकर बिघडते.

संदेशात शिजलेल्या रश्श्याचा उल्लेखच नाही. मोठ्या पातेल्यातला रस्सा रात्रभर तसाच राहिला, तर तो मध्यभागी तासन्‌तास कोमट राहतो आणि शिजण्यातून वाचलेले बीजाणू (काही जंतूंची उष्णता सोसणारी सुप्त रूपे) त्यात वाढू लागतात. जेवणे आटोपताच तो दोन-तीन उथळ भांड्यांत काढून फ्रिजमध्ये ठेवावा आणि दुसऱ्या दिवशी नुसता कोमट न करता खदखदून उकळावा.