तुरुंगात जाऊन आलं म्हणून पोटगी फिटत नाही

"मुलांच्या पोटगीच्या नादाला लागू नका. वकिलाची फी पोटगीपेक्षा जास्त होते. बाई कमावती असेल तर मुलांनाही दमडी मिळत नाही. नवऱ्यानं नोकरी सोडली की विषय संपला. फार तर महिनाभर आत जाऊन येतो आणि थकबाकी माफ. सरकार काही करत नाही." हा मेसेज मला या महिन्यात तिसऱ्यांदा आला, आणि दरवेळी पाठवणारी बाईच होती. म्हणून एकदा नीट उत्तर.

फीचं आधी. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ चा. त्याच्या कलम १२ प्रमाणे बाईला आणि मुलाला मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. गरिबीचा दाखला लागतोच हा गैरसमज आहे. जिल्हा न्यायालयाच्या आवारातच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं, तिथे अर्ज द्यायचा. फोन करायचा तर १५१००. प्राधिकरणाच्या यादीवरचे सगळेच वकील सारखे तळमळीचे नसतात, हे मान्य. पण वकील बदलून मागता येतो.

कमावत्या आईचा मुद्दा तर सरळ चुकीचा. पोटगी मागणारं मूल असतं, आई त्याच्या वतीनं उभी असते. तिचा पगार पाहून रक्कम कमी-जास्त होईल, पण बापाची जबाबदारी पुसली जात नाही.

आता नोकरी सोडण्याची युक्ती. ही इतकी जुनी आहे की न्यायालयांना तोंडपाठ झालीय. रजनेश विरुद्ध नेहा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं नोव्हेंबर २०२० मध्ये दोन्ही बाजूंना मालमत्ता आणि देण्यांचं प्रतिज्ञापत्र सक्तीचं केलं. पगार शून्य लिहिला तरी बँक खाती, गाडी, गुंतवणूक, कर्जाचे हप्ते सगळं मांडावं लागतं. उत्पन्न नाही आणि चारचाकीचा हप्ता मात्र दरमहा जातोय, तर तो भरतो कोण, हा प्रश्न मग वकिलानं विचारायचा असतो. धडधाकट माणसानं 'मला काम नाही' म्हणून हात वर करायचे नाहीत, अंगमेहनत करावी लागली तरी करावी, असंही याच न्यायालयानं २०२२ मध्ये अंजू गर्ग खटल्यात सांगितलंय. शिवाय याच २०२० च्या निकालानुसार पोटगी अर्जाच्या तारखेपासून लागते, त्यामुळे तारखा लांबवून बापाची थकबाकीच वाढते.

नोकरी चालू असेल पण पैसे देत नसेल, तर आणखी सोपं. मुलांचा खर्च रोखणं हा कौटुंबिक हिंसाचार कायद्यात आर्थिक छळ आहे. त्या कायद्याखाली खर्चाचा आदेश झाला आणि तो पाळला नाही, तर कलम २०(६) प्रमाणे न्यायदंडाधिकारी थेट मालकाला पगारातून रक्कम कापून द्यायला सांगू शकतात. अर्ज लिहायला संरक्षण अधिकारी मदत करतात, आणि हे सरकारनं नेमलेलं माणूस असतं, बरं का.

आणि तुरुंग. हा त्या मेसेजमधला सगळ्यात घातक भाग. वसुलीचं वॉरंट काढूनही पैसे आले नाहीत, तर थकलेल्या प्रत्येक महिन्यासाठी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. पण तो पैसे काढण्यासाठी दिलेला दाब आहे. आत राहून देणं फिटत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं १९८८ मध्येच कुलदीप कौर खटल्यात स्पष्ट केलं. सुटून आल्यावरही तोच आकडा समोर असतो.

राहिलं शेवटचं वाक्य, सरकार काही करत नाही. यात थोडं तथ्य आहे. अमेरिकेत राज्यांची कार्यालयं मुलांची पोटगी पगारातून परस्पर वळती करतात, प्राप्तिकराचा परतावासुद्धा अडवतात. आपल्याकडे असं स्वतंत्र खातं नाही. आदेश झाला की न्यायालय आपणहून वसुलीला निघत नाही, दरवेळी आईलाच अर्ज करावा लागतो. वॉरंट पोलीस ठाण्यात जातं आणि 'मिळून आला नाही' असा शेरा घेऊन परत येतं. तेव्हा तो सध्या कुठे राहतो, कुठे काम करतो, हे कळवून पुन्हा मागायचं. आदेश देशभर कुठेही बजावता येतो.

आणि इथेच एक गोष्ट बायकांना कुणी सांगत नाही. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खाली (जुनं कलम १२५) वॉरंट हवं तर रक्कम देय झाल्यापासून एका वर्षात अर्ज करावा लागतो. समजा आदेश महिना ६,००० रुपयांचा आहे आणि वीस महिने काही आलं नाही. 'देईल, देईल' म्हणत थांबून आज अर्ज केला, तर या वाटेनं बारा महिन्यांचे ७२,००० मागता येतात. आधीच्या आठ महिन्यांचे ४८,००० इथून निसटतात, त्यांच्यासाठी दिवाणी दरखास्तीसारखी (दिवाणी न्यायालयातून वसुलीचा अर्ज) दुसरी वाट वकिलाला विचारावी लागते. दर महिन्याला पासबुक भरून आणा, न आलेले महिने वहीत लिहा, आणि जूनचे थकलेले पैसे पुढच्या जूनच्या आत अर्जात घाला.